गाडी आधी, सूचना नंतर

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. पगार, रक्तदाब, कुठल्या लग्नात मी कुणाला टाळून जेवायला बसतो, सगळं. ही एक गोष्ट मात्र तिलाही माहीत नाही. आणि गंमत अशी, की या गोष्टीतला एक भाग ती दरवर्षी स्वतःच्या हाताने शिजवते.

तुम्हाला का सांगतोय? ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी एक प्रतिमा आहे, आणि ती मी फार मेहनतीने उभी केली आहे. खोटं कशाला बोलू, मला ती आवडते.

आधी कामाबद्दल सांगतो, कारण माझा सगळा अभिमान तिथेच आहे. चंद्रपूरहून मूलकडे निघालं की पुठ्ठ्याचा एक कारखाना लागतो. बांबू येतो, त्याचा लगदा होतो, लगद्याचा पुठ्ठा. तिथे मी ताळमेळ बघतो. माल पाठवणारा त्याच्या मोबाइलवरून आमच्या प्रणालीत एक सूचना टाकतो — अमुक गाडी, एवढा माल, निघाली. गाडी आमच्या गेटवर आली, वजनकाट्यावर चढली, की आमच्याकडून पोच जाते. मग त्याचं बिल येतं. सूचना, पोच, बिल. ही तीन तोंडं एकच बोलली की व्यवहार जुळला. नाही बोलली की तो माझ्या पडद्यावर लाल होऊन बसतो, आणि मी त्याच्यासमोर बसतो. बहुतेक वेळा तोच आधी उठतो.

या कामात मी चांगला आहे. अशा ठिकाणी 'थोडंफार जमतं' असं म्हणायची पद्धत आहे, पण मला थोडंफार जमत नाही, चांगलं जमतं. बाबा बल्लारपूरला रेल्वेत रुळांवर होते. आमच्या मोहल्ल्यातून कारखान्यांत पुष्कळ माणसं गेली, पण ती सगळी मागच्या गेटने. पुढच्या गेटने, गळ्यात ओळखपत्र घालून जाणारा मी पहिला. बाबांनी घरात एकच चैन केली, पुस्तकांची. त्यामुळे लहानपणापासून मला भाषणं कमी आणि पुस्तकं जास्त मिळाली, आणि मोठेपणी भाषणाला बसलो की हसू येतं. ही सवय पुढे कामाला आली. आणि एकदा नेमकी आली नाही.

माझा एक नियम आहे. माझा म्हणजे मी शोधलेला. आमचा एक पुरवठादार होता, त्याची बिलं इतकी सुंदर जुळायची की मला संशय आला. इतकं सुंदर काही जुळतं का कधी? मी वजनं बघणं सोडून वेळा बघायला लागलो. तर काय — गाडी आमच्या काट्यावर चढायची, आमच्याच कुणाकडून त्याला आकडा कळायचा, आणि मग तो शांतपणे 'निघाली' अशी सूचना टाकायचा, काट्याच्या आकड्याला साजेशी. माल कमी भरला तरी कमी दिसायचाच नाही, आणि कमी मालाचा दंड चुकायचा. मग मी नियम केला : ज्या गाडीची निघाल्याची सूचना तिच्या पोचेनंतर येईल, ती लाल. अपवाद नाही. नियम एका ओळीचा होता, आणि तो माणूस त्या ओळीत अडकला.

कारखान्याचे बरेच पैसे वाचले. आमचे लेखाप्रमुख मेहता साहेब मला केबिनमध्ये बसवून चहा पाजायला लागले. आधी तो चहा उभ्यानेच मिळायचा. हा नियम आपल्या सगळ्या कारखान्यांत लावायचा असं मुंबईत ठरलं, आणि त्यासाठी संचालक स्वतः येणार, सत्कार होणार, असंही ठरलं. मी शाल-नारळाची आयुष्यभर टिंगल केली आहे. पण शाल आपल्या अंगावर पडायची असली की तिची ऊब दुरूनही लागते. हे मला तेव्हा कळलं.

आणि त्याच दिवसांत पडद्यावर एक गाव लाल होऊ लागलं.

गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोऱ्याच्या पलीकडचं. नाव लिहीत नाही. तिथली ग्रामसभा स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः तोडून, मधे कुणी ठेकेदार न ठेवता, थेट आम्हाला विकायची. दर त्यांचा, सही त्यांची. अशी गावं थोडी होती, आणि त्यांचा मला — आत कुठेतरी, न सांगता — अभिमान वाटायचा. पुढच्या गेटने आलेली माणसं होती ना ती. पण त्यांची प्रत्येक गाडी आधी पोचायची आणि सूचना नंतर यायची. एखादी नाही. प्रत्येक.

मुंबईहून तपासनीस आलेले होते. बैठकीत मेहता साहेबांनी ती यादी पडद्यावर लावली आणि म्हणाले, "ये ट्रक है या पुष्पक विमान? निकलने से पहले पहुँच जाता है!" सगळे हसले. सगळ्यांत आधी कोण हसलं, ते मला पक्कं आठवतं. मी.

तरी मीच म्हणालो, जाऊन बघतो. हे मी लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी गेलो. दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रामसभेच्या बांबू समितीची सचिव ललिताबाई नावाची एक बाई होती. वय माझ्याएवढंच. बारावीपर्यंत शिकलेली, तोंडाने फटकळ. मी उतरलो तेव्हा ती तोडणीवरून येत होती, डोक्याला फडकं, हातात कोयता. मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुमी तेच का जी, लाल करनारे? मले वाटलं दाढीगिढी असन."

मी विचारलं, सूचना उशिरा का येते? तिला प्रश्नच कळला नाही. तिच्या दृष्टीने सूचना रोज वेळेवर जात होती.

"चला," म्हणाली. "दाखवतो तुमाले. चढनं होते ना?"

गावात मोबाइल लागत नव्हता. गावाच्या मागच्या टेकडीवर एक मोठा गोटा होता, हत्तीच्या पाठीसारखा, आणि त्या गोट्यावर उभं राहिलं की लागायचा. गोट्याच्या खाली उतरलं की गेला. 'टावरचा गोटा' म्हणायचे त्याला. सकाळी सगळी माणसं कामावर. ललिताबाईही तोडणीवर. गाडी भरून दुपारी निघायची. उन्हं कलली की ज्याला ज्याला फोन करायचा तो टेकडी चढायचा, आणि गोट्यावर एकेकाने जायचं.

आता पाळी. ही पाळी मी नीट सांगतो, कारण सगळं तिच्यातच आहे. ज्याच्या घरी आजारी माणूस, तो पहिला. मग ज्यांची लेकरं बाहेर आहेत ती — कुणाचा मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, कुणाची पोरगी गडचिरोलीच्या वसतिगृहात. मग बाकीचे. आणि सगळ्यांत शेवटी, अंधार पडताना, बांबू. समितीचा मोबाइल घेऊन ललिताबाई चढायची आणि दिवसाच्या गाड्यांच्या सूचना टाकायची. तोवर गाडी जंगलातून निघून, गडचिरोली ओलांडून, आमच्या काट्यावर उभी असायची.

एवढंच होतं. लबाडी नव्हती. पाळी होती.

मी म्हणालो, बाई, तुमचा नंबर पहिला लावा. गाडीच्या आधी सूचना येईल, प्रश्न मिटेल.

ती हसली. वाईट नाही हसली, लहान मुलाला हसतात तशी. "आजाऱ्याच्या आधी बांबू? असं कसं होईन जी? बांबू काई मरून नाई राह्यला."

आणखी एक रीत होती तिथे. गोट्यावर कुणी बोलत असलं की बाकीच्यांनी खाली, झाडाशी थांबायचं. ऐकू येईल इतक्या जवळ जायचं नाही. कुणी गोट्यावर रडतं, कुणी भांडतं, कुणी उसने मागतं. "गोट्यावरचं बोलनं गोट्याचंच," ललिताबाईने सांगितलं. मी पुष्कळ कार्यालयांत गोपनीयतेची परिपत्रकं वाचली आहेत, मोठ्या अक्षरांतली. ती पाळली जाताना पहिल्यांदा इथे पाहिली.

आणि पाहुण्याचा नंबर सगळ्यांच्या आधी. आजाऱ्याच्याही आधी. मला म्हणाले, तुमी जा. माझ्यामागे एक म्हातारे भाऊ उभे होते, हातात औषधाची रिकामी पट्टी. तिच्यावरचं नाव ते धानोऱ्याच्या दुकानदाराला वाचून दाखवणार होते — म्हणजे अक्षरं एकेक करून सांगणार होते. ते बाजूला सरले. "जा ना साहेब. तुमाले दूर जाचं हाये."

मी गोट्यावर चढलो.

तुम्हाला वाटेल, मला मोह झाला, मन द्विधा झालं, असं काही. तसं नव्हतं. माझ्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं. नियमात एक ओळ वाढवायची होती : ज्या गावात मोबाइल लागत नाही, तिथल्या सूचनेला रात्रीपर्यंत मुदत. मला ते लिहायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नसता. पण मुंबईला मी 'अपवाद नाही' असं सांगून बसलो होतो. तेच शब्द त्यांना आवडले होते. संचालकांच्या भाषणात तेच शब्द येणार होते. सत्काराला चार दिवस उरले असताना मी फोन करून सांगू, की पहिलाच अपवाद सापडला? की माझ्या एका ओळीने लबाड माणसासारखंच एक सरळ गावही पकडलं? नियम चुकला नव्हता हो. नियम अपुरा होता. पण 'अपुरा' हा शब्द मला माझ्या नावाशेजारी नको होता.

मेहता साहेबांनी फोन उचलला. मी इंग्रजीत बोललो. खाली कुणी ऐकत नव्हतं, तरी इंग्रजीत. विशेष काही नाही, म्हणालो. उशिराचं समाधानकारक कारण सापडत नाही. त्यांनी विचारलं, "पक्का?" मी म्हणालो, पक्का.

बोलताना मला हात हलवायची सवय आहे. तेव्हाही हलवत असणार. हे लक्षात ठेवा.

खाली उतरलो. म्हातारे भाऊ चढले. परत निघताना मला तिखट कढी आणि भात वाढला, तो मी जेवलो. अहवालात तेच वाक्य लिहिलं जे गोट्यावर बोललो होतो. मराठीत ते आणखी चांगलं दिसलं.

सत्कार झाला. संचालकांनी जिल्ह्याचं नाव चुकीचं उच्चारलं, माझं त्याहून चुकीचं, आणि नियमाचं बरोबर. शाल अंगावर पडली. बाबा पहिल्या रांगेत होते, इस्त्रीच्या शर्टात. मला खूप बरं वाटलं. हेही सांगायला हवं ना? वाईट नाही वाटलं. बरं वाटलं.

गावाला पत्र गेलं — नोंदी संशयास्पद, थेट खरेदी बंद. पुढच्या हंगामात त्याच जंगलातला तोच बांबू, त्याच माणसांनी तोडलेला, आमच्याकडे एका ठेकेदारामार्फत येऊ लागला. ठेकेदाराचं कार्यालय चंद्रपुरात, जटपुरा गेटजवळ. तिथला कारकून सकाळीच खुर्चीवर बसून दिवसभराच्या गाड्यांच्या सूचना टाकून द्यायचा. तेव्हा जंगलात बांबू अजून भरलाही जात नसे. कधी गाडी निघायचीच नाही, तरी ती 'निघालेली' असायची, दुसऱ्या दिवशी येईपर्यंत. पण सूचना आधी आणि पोच नंतर, म्हणजे नियमात बसली. माझा पडदा हिरवागार झाला. ज्या गावच्या सगळ्या नोंदी खऱ्या होत्या ते लाल होतं, आणि ज्या ठेकेदाराच्या सगळ्या नोंदी खोट्या होत्या तो हिरवा. हे माझ्याशिवाय कुणाला दिसणार? मीच एवढा हुशार होतो.

आणि मी गप्प बसलो. एक दिवस नाही, हंगामामागून हंगाम. फोन केला तो क्षण एकाच संध्याकाळचा होता. गप्प बसणं मात्र रोज सकाळी कार्यालयात जाऊन, ओळखपत्र घालून, नव्याने करावं लागतं. नव्या मुलामुलींना मी तो नियम शिकवतो. चांगला शिकवतो. 'अपवाद नाही' म्हणताना माझा आवाज जरा भारदस्त होतो, असं ती माझ्या नकला करतात तेव्हा कळतं.

ललिताबाई दोन वर्षांनी भेटली. कारखान्याच्या गेटवर मला बोलावणं आलं, कुणी बाई आली आहे. मला वाटलं, आली. आता सगळ्यांसमोर शोभा होईल. मी पायऱ्या उतरताना उत्तर जुळवत होतो, आणि चांगलं जुळलंही होतं.

ती ठेकेदाराच्या गाडीत बसून आली होती. हातात पिशवी.

"वास्ते आणले तुमच्यासाठी," म्हणाली. "कोवळे हायेत. दोनदा उकळून पानी फेकजा, नाईतर कडू लागते. बायकोले सांगजा."

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात आमच्याकडे त्यांची भाजी करतात. मी म्हणालो, कशाला हे?

"काऊन नाई? आमी पाह्यलं ना. गोट्यावरून तुमी आमच्यासाठी किती भांडले. हात असे करून राह्यले होते." तिने माझे हात करून दाखवले, अगदी हुबेहूब. "आयकू नाई आलं, पन दिसलं. त्या मोठ्या साहेबानं नाई आयकलं, त्याले तुमी काय करनार?"

मग तिने स्वतःचं सांगितलं, जाता जाता, हसत. पत्र आल्यावर ग्रामसभा बसली. नोंदी पाठवायचं काम ललिताचं, मग चूक ललिताचीच. कुणी म्हणालं झोपा काढत होती, कुणी म्हणालं ठेकेदाराला मिळाली. तिचं सचिवपद गेलं. आता ती ठेकेदाराकडेच तोडणीला जाते, मोळीमागे मजुरीवर. "बरं हाये," म्हणाली. "आता टेकडी चढाची कटकट नाई. गुडघे वाचले." आणि माझ्याकडे बघत राहिली, मी हसेन म्हणून. मी हसलो.

त्याच क्षणी बोलता आलं असतं. गेटवर गर्दी नव्हती. पहारेकरी जांभई देत होता. एक वाक्य होतं : ललिताबाई, मी भांडलो नव्हतो. ते वाक्य मी त्यानंतर कितीदा तरी मनात लिहून पाहिलं आहे, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही अवघड नाही. मी पिशवी घेतली.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस पश्चात्ताप कुठे करतोय? खरं विचाराल तर मला अजूनही त्या नियमाचा अभिमान आहे. त्याने त्यानंतरही लबाड पकडले. मला माझ्या कामाचा अभिमान आहे, पुढच्या गेटचा आहे, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाचा आहे. आणि — हे लिहायला सगळ्यांत जड जातंय — त्या गावात मला मान आहे, याचाही आहे. धानोऱ्याकडचं कुणी भेटलं की म्हणतं, ते तुमीच का जी, गोट्यावरून बोलले होते ते? माझ्या सगळ्या सन्मानांत हाच एक असा आहे, की जो देताना कुणी भाषण केलं नाही. आणि तोच एक मी मिळवलेला नाही.

त्या गोट्यावरून रडणारी, भांडणारी, उसने मागणारी माणसं उतरली. खोटं बोलून उतरलेला मी एकटाच असेन का? सांगता येत नाही. गोट्यावरचं बोलणं गोट्याचंच, म्हणून मला ते विचारायचीही सोय नाही. त्या लोकांनी माझं गुपित न ऐकता राखलं. अजून राखतायत.

गावात आता टॉवर झाला आहे. टेकडीवर कुणी चढत नाही, असं ललिताबाई म्हणते. ती दरवर्षी येते. या वर्षी मी बैठकीत होतो, तर पिशवी पहारेकऱ्याकडे ठेवून गेली, निरोप ठेवून — साहेबाले सांगजा, औंदा जास्तच कोवळे हायेत.

बायकोने दोनदा उकळून पाणी फेकलं. चण्याची डाळ घातली, वरून लसणाची फोडणी दिली. बाबाही जेवायला होते. म्हणाले, माणसं अजून आठवण ठेवतात तुझी, हे मोठं आहे.

भाजी जराही कडू नव्हती. मी दोनदा वाढून घेतली.